सतरा जीव आणि एक निरगाठ

१ जुलै २०२५, मंगळवार

खतवाल्याने ही डायरी फुकट दिली तेव्हाच संशय यायला हवा होता. गेल्या वर्षीची निघाली. तारखा बरोबर, वार सगळे चुकलेले. असू दे, छापलेला वार खोडून खरा लिहीन. आजचा दिवस लिहून ठेवला नाही तर या कुंडलिक विशेच्या अक्षराचा उपयोग काय?

सरकारी पत्र आलं! पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी गोठ्यात होतो, शेणाच्या हातानेच घेतलं. शहापूर आणि मुरबाड, दोन तालुक्यांतून वीस नागरिकांचं पंचमंडळ नेमलंय. साप चावलेल्यांचे जीव वाचवायला सरकारने काय करावं, ते आम्ही वीस जणांनी पुरावे बघून ठरवायचं. चार रविवार सभा, जेवण त्यांचं.

पत्रात लिहिलंय की मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढली. असं लिहावंच लागतं, नाहीतर बाकीच्यांचा जळफळाट व्हायचा. पण अख्ख्या तालुक्यात साप म्हटलं की कोणाचं नाव निघतं? गवताच्या वखारीत एकतीस वर्षं गासड्या बांधल्या मी. ट्रकने मुंबईच्या तबेल्यापर्यंत जायच्या, पण वाटेत एक सुटल्याची तक्रार नाही. माझी निरगाठ सुटत नाही, कोयत्याने कापावी लागते. तीच गाठ मी साप चावलेल्या हातापायाला मारतो. विष जागच्या जागी बंद! आजवर सतरा जीव वाचवले. सतरापैकी सतरा.

काशीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा. वीस 'सामान्य' नागरिक लिवलंय."

बायको म्हणजे बायको.

६ जुलै, रविवार

पहिली सभा, शहापूरला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, आणि पिशवीत माझी दोरी. कोणी प्रात्यक्षिक मागितलं तर?

जिल्ह्यातून आलेल्या डॉ. पूजा मॅडम वयाने लहान, पण बोलायला धारदार. त्यांनी दोन योजना फळ्यावर मांडल्या. निधी एकीलाच मिळणार, दोन्हींना नाही.

पहिली: गावोगाव एक सर्पदंश रक्षक नेमायचा. त्याला प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट.

दुसरी: डोंगरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात विषावरचं औषध ठेवायचं, ते द्यायला शिकवलेली माणसं ठेवायची, आणि पावसाळ्याचे चार महिने दारात गाडी उभी.

गाडी काय, कुठेही उभी असते. पण जाकीट! छातीवर लिहिलेलं असणार, "रक्षक". मी उभा राहिलो आणि सांगितलं की पहिलीच योजना बरोबर, आणि अनुभवी माणूस हवा असेल तर तो समोर उभा आहे, सतरा जीवांचा हिशेब घेऊन.

टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मुरबाडकडची राही म्हणून बाई आहे, शिलाईकाम करते, ती बसल्या बसल्या म्हणाली, "आमच्या गावची एक म्हातारी साप चावल्याच्या डोक्यावर हळदीचं पान ठेवते. तिनं बावीस वाचवलेत. मंग सरकारनं हळदीची पानं वाटायची का?"

"पानाने कोण वाचतं?" मी म्हणालो.

"वाचलेत ना पण बावीस. तुमच्यापरीस पाच जास्त."

सगळे हसले. मॅडम तर टेबलाला धरून हसल्या. मग म्हणाल्या, राहीताईंनी आजचा धडा अर्ध्या मिनिटात शिकवला. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. तो माणूस तसाही वाचतो, पान ठेवा, गाठ मारा, नाहीतर नुसता चहा पाजा. म्हणून नुसते वाचलेले मोजायचे नाहीत. साप कुठला होता, आणि काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, ते विचारायचं.

मला म्हणाल्या, "काका, सतरा माणसं म्हणजे खजिना आहे. प्रत्येकाला भेटा, विचारा, लिहून आणा. शेवटच्या सभेत तुम्ही मांडायचं."

मी मांडायचं! वीस जणांतून मी! घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. पुऱ्या मात्र गार होत्या.

८ जुलै, मंगळवार

यादी करायला बसलो. सतरा नावं एका दमात आठवली. पहिलं नाव भिमाचं, काशीच्या धाकट्या भावाचं, कारण सगळ्यात मोठी लढाई ती. सोळा वर्षांपूर्वीची नागपंचमी, ओढ्यांना पूर, भिमाच्या उजव्या हाताला साप. मी मनगटाच्या वर गाठ मारली. विष इतकं जालीम की तीन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. अंगठा आणि पहिलं बोट राहिलं. पण जीव वाचला! तेव्हापासून दर नागपंचमीला भिमा माझ्याकडे नारळ घेऊन येतो. एक वर्ष चुकला नाही.

काशी डोकावून म्हणाली, "भिमाचं नाव नका घालू."

"का गो?"

"नको म्हंजे नको. सोळाच लिवा."

तिचं बरोबर आहे. घरचाच माणूस साक्षीला आणला तर लोक बोलणार. तिच्या डोक्यात हे आधी आलं, याचं कौतुक वाटलं. तरी नाव मी पेन्सिलने ठेवलंय.

१३ जुलै, रविवार

सभा मुरबाडला. भाताची आवणी जोरात, त्यामुळे चार जण चिखलाच्या पायांनीच आले. आज चित्रं दाखवली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार विषारी. बाकी धामण, दिवड, कवड्या वगैरे बिनविषारी.

डोळखांबकडच्या पाड्यावरचा बुधू आमच्यात आहे. साठीचा, दोन सभांत मिळून पाच शब्द बोलला असेल. त्याने चित्रं बघून सांगितलं, "ही घोणस उलटी लावलीय." मॅडमनी बघितलं, खरंच उलटी होती. जंगलातला माणूस.

मग मॅडम घट्ट गाठीवर बोलल्या. विष काही तिथे अडून बसत नाही, उलट रक्त अडतं, हात-पाय सडतो. बांधलंय म्हणून घरचे निवांत होतात आणि वेळ जातो. चावलेला भाग हलू न देता, सैलसर फळीला टेकवून, माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं, एवढंच.

आडदांड लोक कशाही गाठी मारतात, त्यांच्याबद्दल बोलत असाव्यात. माझी गाठ वेगळी. मी जेवताना त्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी माझ्या ताटात जिलबी वाढली आणि म्हणाल्या, "तपासून बघा काका."

बघतोच. बुधूला मागे बसवून मोटरसायकलवर फिरायचं ठरलं. साप ओळखायला तो, सांगायला मी.

१५ जुलै, मंगळवार

पहिला दिवस. पाच घरं, सात चहा, एका ठिकाणी कोंबडी. कोण म्हणतं पुरावा गोळा करणं अवघड काम आहे? मी दारात गेलो की बायका पदर सावरून आत हाक मारतात, "आवं, गाठवाले भाऊ आले!" बुधूने एवढा मान जन्मात पाहिला नसेल. तो गप्पच असतो, पिशवीतून चित्रांचा तक्ता काढतो आणि विचारतो, "यातला कंचा?"

पहिल्या घरी ऋतिकने मारलेल्या सापाचा फोटो अजून फोनमध्ये ठेवलाय. बुधूने बघितला. "कवड्या."

दुसऱ्या घरी, धामण. तिसऱ्या घरी, धामण. चौथ्या घरी म्हाताऱ्याने खूण करून दाखवली, दोन हात लांब, पाण्यात, अंगावर सोंगट्यांच्या पटासारख्या चौकटी. "दिवड," बुधू म्हणाला. "ओढ्यात असतं. चावकं लई, पण ईख नाय."

मी वहीत लिहिलं: धामण २, कवड्या १, दिवड १. आणि साईनाथ.

साईनाथची गंमतच झाली. आधी चित्रांवरून बोट फिरवत राहिला, मग बायको आत गेल्यावर हळूच म्हणाला, "भाऊ, आता बारा वर्षं झाली, सांगतो. साप नव्हता. बांधावरचा खेकडा व्हता. पण तुमी धावत आला, गाव गोळा झालं, मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

बुधू एवढा हसला की गाडीवर बसता येईना. मीही हसलो. काय करणार! खेकडा तर खेकडा. सगळ्यांना चुकून का होईना, पण वाचवलं ना.

१६ जुलै, बुधवार

धामण, धामण, कवड्या. आणखी तिघांनी साप बघितलाच नव्हता. तीन चहा, एक ताक.

काशीने विचारलं, किती विषारी निघाले? म्हटलं, अजून पाच घरं बाकी आहेत. तिने माझ्या पायावर तेल चोळायला घेतलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ जुलै, शनिवार

विषारी सापडला! सापडले! दोन!

मनोज, तानसाकडचा. पाय दाखवला, दातांच्या खुणा आणि वर माझ्या दोरीचा वळ अजून आहे. त्याच्याकडे दवाखान्याचा कागदच होता: घोणस. मी बुधूच्या पाठीवर थाप मारली. मग मनोजची आई बोलायला लागली. तिने माझ्यासमोर दूधवाल्याला ओवाळायचंच बाकी ठेवलं. त्या दिवशी दुधाचा टेम्पो नेमका वळणावर आला, ड्रायव्हरने किटल्या रस्त्यावर उतरवल्या आणि पोराला पाऊण तासात दवाखान्यात पोचवलं. "तो टेम्पो देवासारखा आला, भाऊ." आणि माझी गाठ? "ती तिथल्या नर्सनं कापली. लई ओरडली आमाला."

दुसरी रुपा, डोळखांबच्या पुढची. फुरसं चावलं होतं. मी विचारलं, गाठ किती वेळ होती? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कंची गाठ? तुमी दोरी पिळत बसलाव. माझा भाऊस म्हनला, याचं व्हईस्तोवर आपून खिंड उतरू. बसलू गाडीवर नि गेलू."

"म्हणजे मी बांधलीच नाही?"

"नाय."

सात वर्षं मी हिला हिशेबात धरतोय. बुधू खाली बघून तक्त्याची गुंडाळी करत होता, खांदे हलत होते त्याचे. रुपाने आम्हाला नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली. जेवण फार चांगलं होतं, तेवढंच लिहितो.

वाटेत बुधू आपणहून बोलला, पहिल्यांदाच. "दोगंबी गाडीनं वाचली."

मी म्हटलं, गाडी खड्ड्यातून जातेय, गप्प बस.

२० जुलै, रविवार

शहापूरला सभा. यादी घरी विसरलो असं सांगितलं. विसरलो नव्हतो, खिशात होती.

उरलेली घरं काल संध्याकाळी झालीच. एकूण असं: सोळापैकी दहा बिनविषारी, एक खेकडा, तिघांचं कळत नाही, दोन विषारी. आणि ते दोन्ही, बुधू म्हणतो तसं.

तरीपण मंडळात बहुतेकांना जाकीटच हवंय. प्रत्येकाच्या घरात एक रक्षक व्हायला टपलेला आहे. एकाने तर भाच्याच्या छातीचं माप लिहून आणलंय. आयत्या बिळावर नागोबा! राहीने मला विचारलं, "काय वो गाठवाले, तोंड का उतरलं? पुऱ्या तर आज गरम हायेत."

मी म्हटलं, सतरावा बाकी आहे. माझा हुकमाचा एक्का भिमा. कोणाला धामण चावू दे, कोणाला खेकडा, पण भिमाची तीन बोटं गेलीत. उगाच जातात का बोटं? त्या एकावर मी अख्खी सभा जिंकेन.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

हे लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो.

सकाळी भिमा आला, नेहमीसारखा, नारळ आणि फुटाण्याची पुडी घेऊन. नागपंचमीला आमच्याकडे विळी-कोयत्याला हात लावत नाहीत, काही कापायचं नाही, चिरायचं नाही. काशीने पुरणाची दिंडं उकडली होती. भिमाला ओटीवर बसवून मी वही काढली, ऐटीत. "बोल भिमा. साप कसा होता?"

काशी आतून म्हणाली, "नको वो."

भिमा म्हणाला, "जाऊ दे ना दाजी. आता काय त्याचं?"

"सरकारी काम आहे. सांग."

तो बहिणीकडे बघत बघत सांगायला लागला. ओढ्याच्या कडेला उभा होता. पाण्यातून आला. दोन हात लांब.

"अंगावर काय होतं?" मी विचारलं.

"चौकटी."

पेन माझ्या हातात होतं. पंधरा दिवसांपूर्वी मला हे कळलं नसतं. बुधू शेजारी नव्हता, तक्ता नव्हता, पण मला दिसलं, सोंगट्यांचा पट. दिवड. चावकं लई, पण ईख नाय.

मग बोटं कशाने गेली?

मला सगळं आठवलं, एकदम आठवलं. सकाळी दहाला बांधलं. तासाभरात भिमा म्हणायला लागला, दाजी, हात फुटतोय, सोडा. निरगाठ, सुटेना. कोणीतरी कोयता आणला. आणि मीच हात आडवा घातला, आज नागपंचमी आहे, आज कापायचं नाही, देव कोपेल, आणि तसंही विष वर चढेल. चार वाजता दवाखान्यात कापली. सहा तास. काळी बोटं बघून मी म्हणालो होतो, बघा, विष किती जालीम! आणि सोळा वर्षं सांगत फिरलो.

मी वही मिटली. म्हणालो, "भिमा, साप बिनविषारी होता."

"माहीत हाय, दाजी."

"बोटं माझ्या गाठीने गेली."

"माहीत हाय. डॉक्टर तवाच बोलला."

काशी दारात उभी होती, तिलाही माहीत होतं. सोळा वर्षं दोघा भावाबहिणीला माहीत होतं आणि मी त्यांच्यासमोर त्याच हाताकडे बोट दाखवून पाहुण्यांना गोष्ट सांगायचो! मला रडूच फुटलं. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, ओटीवर बसून रडलो.

"मग नारळ कशाला आणतोस रे दरसाल?" मी ओरडलोच त्याच्यावर. "माझी चेष्टा करतोस?"

भिमा गडबडला. "नारळ गाठीचा नाय वो! पूर व्हता, ओढा छातीपर्यंत, एस्टी बंद. तुमी मला पाठीवर घेतला. डांबरी रस्ता चार कोस. चपला वाहून गेल्या तुमच्या. मधीच मी म्हनलो, ठेवा मला हितं, तर तुमी शिव्या घातल्या. कोन नेतो असा बायकोच्या भावाला? नारळ त्याचा हाय. मला वाटलं तुमाला कळतंय."

मला नव्हतं कळत. ते पाठीवर नेणं मी कोणालाच कधी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? गाठ मारली तर पुढचं न्यायलाच लागणार.

काशी म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाय म्हनत व्हते मी. गेला वाटतं." आणि तीही डोळे पुसत हसायला लागली. मग भिमाही. शेवटी तिघं हसत बसलो, दिंडं गार झाली.

३१ जुलै, गुरुवार

मॅडमना फोन करून सांगावं का, की मला मांडायचं नाही? ताप आलाय म्हणावं? दोन दिवस हाच विचार. जाकीट डोळ्यांपुढे येतंच. खोटं कशाला बोलू, आज आरशासमोर काशीचं पिवळं ब्लाऊजपीस छातीला लावून बघितलं. रंग शोभतो मला.

तोंड बंद ठेवलं तर जाकीट मिळेल. मग पुढचा कोणीतरी भिमा माझ्याकडेच येईल, धावत.

३ ऑगस्ट, रविवार

झालं! सगळं झालं! क्रमाने लिहितो, नाहीतर हातातून निसटेल.

शेवटची सभा मुरबाडला. भिमा म्हणाला, मी पण येतो. मॅडमनी त्याला मागच्या बाकावर बसू दिलं. आधी नुसता कल घेतला, बारा हात जाकिटाला, आठ गाडीला. मग माझं नाव पुकारलं.

उभा राहिलो आणि यादी वाचायला लागलो. धामण म्हटल्यावर काही नाही, खेकडा म्हटल्यावर सभा कोसळली. एक जण खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला हसायला. रुपाचं सांगितलं तेव्हा राही टेबल बडवत होती. मलाही चेव आला, दोरी पिळायचं सोंगसुद्धा करून दाखवलं, "हा मी पिळतोय, आणि त्या चालल्या खिंडीतून!" एवढा हशा मला वखारीतल्या दिवाळीच्या गप्पांतही मिळाला नव्हता.

मग सतरावं नाव वाचलं. नागपंचमी, दिवड, सहा तास, कोयता अडवणारा मी. जमिनीवर बसलेला उठून खुर्चीवर गेला. मी म्हणालो, "बोटं सापाने नाही नेली, मी नेली. आणि मला कोणी खोटं सांगितलं नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं."

मागून भिमा उठला आणि हात वर केला, दोन बोटांचा. "मी जिता हाय वो, एवढं गंभीर नका होऊ. फक्त गाडी असती तर दाजीची पाठ वाचली असती."

पुढचं मी ठरवून बोललो नाही, आपोआप आलं. म्हटलं, माझ्या यादीत खरंच विषारी चावलेले दोन. एक दुधाच्या टेम्पोने वाचला, दुसरी भावाच्या मोटरसायकलने. दोघं नशिबाने वाचली. नशिबाच्या जागी गाडी आणि औषध ठेवा. जाकीट चांगलंच आहे, मलाही हवं होतं, अजून हवंय. पण माझ्यासारख्याला जाकीट घातलं तर लोक माझ्याकडे येतील, आणि तेवढा वेळ दवाखान्यात पोचायचा जाईल.

बुधू उठला. सभेत पहिल्यांदाच उठून बोलला. "गाडी रस्त्यापतूर. पाड्यावरून रस्त्यापतूर कोन?"

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! मॅडमनीही खडू खाली ठेवला. मग अर्धा तास नुसता गलका. शेवटी ठरावात ओळ घातली की ज्या पाड्याला गाडी जात नाही, तिथे झोळीने वाहून नेणारी चार माणसं आधीच नेमलेली असावीत. मी तिथल्या तिथे नाव दिलं. बुधू म्हणाला, तुझ्या पाठीत दम कुठाय? मी म्हटलं, बस पाठीवर. आणि बसवला! सभागृहाला एक फेरी मारली, दारापाशी कंबर धरली, राहीने मागून ढकलत आणलं.

मत झालं. गाडी आणि औषध, सोळा हात. भाच्याचं माप आणणाऱ्यानेही वर केला, थोडा उशिरा. मॅडम म्हणाल्या, शिफारस आता वर जाईल, मान्य होईलच असं मी सांगू शकत नाही, पण इतकी चांगली शिफारस मी वाचलेली नाही. निघताना राही म्हणाली, "हळदीच्या म्हातारीला आता मी भेटते. तिचे बावीस तपासते. तुमचा बुधू द्या चार दिवस."

कंबरेला शेक घेतोय. पण गाणं म्हणावंसं वाटतंय. काशी म्हणते, म्हणू नका.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

काशीला भिमाकडे राखी बांधायला जायचं होतं. मी म्हटलं, मीही येतो, आणि या वर्षी नारळ माझा.

सकाळी नारळ धुतला, काशीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायला घेतला. हात आपोआप निरगाठीकडे जातो, एकतीस वर्षांची सवय. दोनदा बांधली, दोनदा कापली. तिसऱ्यांदा काशीने माझ्या हातावर हात ठेवून सुरगाठ दाखवली, पोरी वेणीच्या रिबिनीला मारतात तशी. एवढी सोपी गाठ मला येत नव्हती! आली तेव्हा मी चार-पाच वेळा बांधून सोडून बघितली, उगाचच.

भिमाच्या ओटीवर काशीने त्याला ओवाळलं, राखी बांधली. मग मी गाठोडं पुढे केलं. ते बघूनच त्याने आत आवाज दिला, "कोयता आन गो, दाजीनं गाठ मारलीय."

"कोयता नको," मी म्हणालो. "तूच सोड."

"माज्यानं सुटल व्हय?" त्याने उजवा हात वर करून दाखवला.

"टोक धर आणि ओढ."

त्याने अंगठा आणि बोटाच्या चिमटीत टोक धरलं, माझ्याकडे बघितलं आणि ओढलं. गाठ सुटली. नारळ घरंगळत ओटीवरून अंगणात गेला आणि आम्ही तिघं त्याच्यामागे धावलो.